झाकणाच्या आतला आकडा

सावद्याच्या केळी व्यापाऱ्याकडून गाडी घेतली,
अकरा वर्षांची, मागच्या सीटवर चिकाचे डाग,
जे कशानेच जात नाहीत.
फैजपूरपर्यंत नीट आली.
पालच्या चढाला मात्र
इंजिनात कोणी फुटाणे भाजायला घ्यावेत तसा आवाज.

पेट्रोल बदल, म्हणाले सगळे.
लीलाधर भावजी म्हणाले, महागाचंच टाक, पंचाण्णववालं,
गाडी काय रोज घेतेस का?
काट्यावरचा खेमचंद म्हणाला, पहाटे भरा,
आपल्याकडच्या उन्हात पेट्रोल फुगतं,
सकाळी मापात जास्त बसतं.
फेगडेकाकू, ज्यांनी आयुष्यात स्टेअरिंग धरलं नाही,
म्हणाल्या, शंभराचं कधी भरू नये, एकशे दहाचं भरावं.
गोल आकड्यात चोरी असते.

मी वजनकाट्यावर बसते.
भरलेला ट्रक, रिकामा ट्रक, मधली केळी.
सतरा वर्षं हीच वजाबाकी.
म्हणून वही केली :
तारीख, पंप, लिटर, किलोमीटर,
आणि शेवटी उरलेल्या जागेत अरुंद रकाना, शेरा.

साध्याच्या तीन टाक्या : टकटक.
महागाच्या तीन टाक्या : टकटक, जरा सभ्य.
पहाटेचं, दुपारचं, एकशे दहाचं :
काही फरक नाही, फक्त माझी झोप कमी.

शेवटी यावल रस्त्याला, रुबाब तडवीकडे.
त्यानं बॉनेट उघडलं नाही,
आधी पेट्रोलचं झाकण उघडलं.
आत व्यापाऱ्यानं चिकटवलेलं ‘शुभ लाभ’.
नखानं कोपरा उचलून ओढलं, तर
लाभ सगळा निघाला, शुभ अर्धं राहिलं,
आणि खाली कंपनीचा फिका छाप : एक्याण्णव.
“येवढंच मागून रायली ती,” रुबाब म्हणाला.

म्हटलं, पण पंचाण्णवमध्ये ताकद जास्त ना?
“ताकद नाही ताई. कळ काढणं.
कितीही दाबलं तरी
ठिणगी पडायच्या आधी पेटायचं नाही,
त्याचा तो आकडा.
तुमच्या इंजिनात दाबच नाही तेवढा.
मग कळ विकत घेऊन काय करता?”

आवाज काजळीचा होता.
साफ केली, प्लग बदलले, साडेसातशे घेतले.

घरी येताना मी एकेकाला आकडे देत आले.
लीलाधर भावजी, सत्तरच्या आतबाहेर.
फेगडेकाकू, ठिणगीसुद्धा लागत नाही.
माझा?
आठवड्याला एक तरी ट्रकवाला खिडकीत वाकून विचारतो,
ताई, काटा मारता का?
आणि मी पावती फाडून देते.

तरी काटेवाली ती काटेवालीच.
भर दुपारी पंपावर म्हटलं, पाच लिटरचं माप आणा.
मॅनेजरनं वर पाहिलं.
ती नजर मी ओळखते. माझीच आहे,
खिडकीतून ट्रकवाल्यांना देते ती.
मोनाली इंगळेनं एका शब्दानं न बोलता माप आणलं,
झिरो दाखवला, नोझल दाबलं.
मागे दोन रिक्षा हॉर्न वाजवत होत्या.
पेट्रोल मानेपर्यंत चढलं
आणि रेघेवर येऊन उभं राहिलं.
मला वाईट वाटलं, थोडं.
बरं वाटलं, त्याहून जास्त.

तेव्हापासून तोच पंप, साधंच पेट्रोल,
पाचशेचं, गोल आकड्याचं.
फेगडेकाकूंना सांगितलेलं नाही.

रविवारी पालला गेले.
चढाच्या मधोमध, दुसऱ्या गिअरमध्ये,
रेडिओ बंद केला, काचा खाली केल्या.
टायरखाली सागाची वाळकी पानं तेवढी वाजत होती.

वर पोचल्यावर वही काढली.
रकाना अरुंद. ‘गप्प’ एवढंच बसलं.
मग सवयीनं खाली वेळ टाकली,
सही केली,
आणि कार्बन घालायचा राहिला की काय
म्हणून पान उलटून पाहिलं.