तुरट

लिपेझ आणायला मी कपिलतीर्थ मार्केटात जाते.
कंपनीचं डबीतलं महाग, ग्रँट मार्चलाच संपली,
आणि बकऱ्याचं स्वादुपिंड
बर्फाच्या डब्यात घालून
शिवराम काका फुकट देतात.
"हे कोण खातंय गं?" दर वेळी विचारतात.
"कोण नाही. हेच खातंय," मी म्हणते, "चरबीला."

तबस्सुम ते थंडगार बफरमध्ये वाटते,
गाळते, मशीनमध्ये गरगर फिरवते,
वरचं गढूळ पाणी तेवढं ठेवते.
त्या पाण्यात तो असतो.
त्याच्या दाराला झाकण आहे,
तेलाचा काठ लागल्याशिवाय ते उघडत नाही,
आणि उघडलं की
थेंब फोड, तुकडे कर, सुटे कर,
रक्ताच्या वाटेला लाव,
दिवाळी नाही, सुट्टी नाही.

आमच्या नळीत तेल नसतं,
तेलाचं सोंग घेतलेलं काहीतरी असतं.
त्यानं ते तोडलं की पाणी पिवळं होतं,
पट्टणकोडोलीला भंडारा उधळावा तसं पिवळं.
पाचव्या मिनिटाला आकडा: शून्य पॉइंट आठ दोन.

बमू येडगेनं दाजीपूरकडनं बाळहिरडा आणून दिला,
बिस्किटाच्या रिकाम्या पिशवीत, वर गाठ मारून.
काळा, सुरकुतलेला, उंदराच्या लेंडीपेक्षा थोडा मोठा.
"मेंढरू हगाय लागलं की देतो."
"आणि माणसाला?"
"माणूस काय येगळं हाय?"

काढा केला. एक थेंब जिभेवर ठेवला,
(लॅबच्या नियमात बसत नाही, तबस्सुम ओरडली)
गाल आत ओढले गेले,
जीभ वाळल्या शेणीसारखी.
तुरट म्हणजे नुसती चव नव्हे,
लाळेतली प्रथिनं पकडून बसलेली ती मूठ आहे.
तीच मूठ नळीत त्याला धरते,
झाकणाशी, दाराशी, जिथं सापडेल तिथं.

पाच मिनिटं. पाणी पाण्यासारखंच.
शून्य पॉइंट तीन एक.
आम्ही दोघींनी परत मोजलं,
मग कुणाला सांगावं कळेना
म्हणून चहा प्यायला गेलो.

रात्री अण्णांना सांगितलं.
उद्यमनगरातल्या आमच्या खानावळीत
फाउंड्रीची दुसरी शिफ्ट जेवत होती,
तांबड्या रश्श्यावर बोटभर कट.
"म्हंजे चरबी अंगाला लागायचीच न्हाई?"
"कमी लागेल. बाकीची तशीच बाहेर."
पळी हवेतच राहिली.
"म्हंजे वाया?"

आजोबा दुसऱ्यांना मटण तोलून द्यायचे,
घरी यायची वजडी आणि खुरं.
चरबी वितळवून गाडग्यात,
सणाला भाकरीवर बोटानं फासायची,
बोट आईनं चाटायचं नाही, पोरांनी चाटायचं.
"आमी अंगाला लागावं म्हणून खाल्लं,
तू न लागायचं शिकाय लागलीस.
शिक. पगार मिळतोय न्हवं?"

मी सांगणार होते की
नळीत थांबला म्हणजे पोटात थांबेल असं नाही,
पोटात पित्त आहे, भाकरी आहे,
हिरड्याचं काय होतं वाटेत कुणास ठाऊक,
आणि नळीतही तो पुरता थांबत नाही,
थोडं पिवळं येतंच.
पण तेवढ्यात चार नंबरच्या टेबलाला रस्सा पाहिजे होता.

गल्ल्यात त्यांचा रक्ताचा रिपोर्ट आहे,
दोन महिने झाले, चार घड्या घालून.
मला माहीत नाही असं त्यांना वाटतं.

शटर ओढायच्या आधी त्यांनी हात पुढं केला.
मी पिशवीतला एक दिला.
चावला, तोंड वाकडं केलं,
मोरीत थुंकले:
"सगळ्या जेवणाची चव घालवली की गं हिनं."

सकाळी सुट्टे पैसे काढताना बघितलं,
रिपोर्टाच्या घडीवर
दातांचे व्रण असलेला अर्धा हिरडा.