आरशाची पाठ

मुरानोत, कालव्याकडे खिडकी नसलेल्या खोलीत
एर्सिलिया फूल कोरते ते मागून.
आधी पाकळीची कड, शेवटी देठ;
डावं ते उजवं होणार,
खोल गेलेलं समोरून उठून दिसणार.
चाक फिरतं, पाणी ठिबकतं, काच कण्हते.
ती वळूनही बघत नाही.
पाठीवरचं काम,
म्हणूनच हिला पाठ, मी मनात म्हणते.

भिंतीवर पणजोबांचा एकुलता एक फोटो.
ते कलई करायचे.
संगमरवरी ओट्यावर कथलाचा पातळ पत्रा,
सुरकुती पडली की मुकादमाची शिवी;
सशाच्या पायाने पारा पसरायचा,
वर काच सरकवायची श्वास रोखून,
मग वजनं, मग तीन आठवडे
पारा निथळायची वाट.
फोटोत त्यांचे हात नाहीत.
म्हणजे आहेत, पण हललेत.
बाकी सगळं जागच्या जागी: मिशी, टोपी, कोटाची गुंडी.
चाळिशीत दात गेले, चमच्यातलं सूप सांडू लागलं,
आणि तिकडे व्हिएन्नात कुणा बाईला
आपला गाल पहिल्यांदा
इतका नितळ दिसला.

हल्ली गिऱ्हाइकं डाग मागतात.
जुना वाटला पाहिजे, म्हणतात.
मग ती नव्याकोऱ्या चांदीवर आम्लाचा बोळा फिरवते,
कोपऱ्यात थोडी काजळी, थोडी बुरशी.
"डाग जावा म्हणून पिढ्या झिजल्या आमच्या,
आता डागाचे वेगळे पैसे!"
हसते. स्वतःचे सगळे दात दाखवून हसते.

मार्चमध्ये एक आरसा त्रिएस्तेहून परत आला.
चौकटभर काचेची फुलं, बारक्या स्क्रूंनी आवळलेली,
एक पान तेवढं निखळलेलं.
उरलेल्या पानांच्या शिरा
किंचित डावीकडे कललेल्या.
आईचा हात.
तिने मागची फळी काढली.
लाकडावर पेन्सिलीने:

पीठ
कांदे
रॉकेल
तोनीचे बूट (पुढच्या महिन्यात)

हातच्या कांकणाला आरसा कशाला, आमच्याकडे म्हणतात.
पण ही यादी
पंचावन्न वर्षं आरशाच्याच पाठीला टेकून
परक्यांच्या दिवाणखान्यात उभी होती.
समोर कुणी टाय बांधला, कुणी कानातलं बदललं,
कुणी रडून झाल्यावर डोळे तपासले.
कांदे कुणाला दिसले नाहीत.

नवं पान बसवलं, शिरा मुद्दाम डावीकडे.
फळीवरची धूळ झटकली, अक्षरं सोडून.
स्क्रू आवळण्याआधी
एप्रनच्या खिशात पेन्सिल चाचपली,
टोक जिभेला लावलं
आणि आईच्या ओळीखाली लिहिलं:

बूट आले होते. तपकिरी.
तोनीला सैल झाले.