टेबल न मिळालेल्यासाठी

निरंजन, टेबल मिळालं नाही म्हणून तोंड पाडून बसू नकोस.
आठ जणांचं बाक, अठरा हजार,
तेही गणपतीतच संपलं म्हणतात.
म्हणू देत.
चार वर्षं जातेय मी बीकेसीच्या त्या जर्मन मांडवात,
कुठल्याच टेबलावर माझ्या नावाची पाटी नव्हती.

साडेतीनला पोच. ऊन असतं,
बँडवाले अजून चामडी चड्ड्यांचे पट्टे आवळत असतात
(तुतारीवाला भायखळ्याचा आहे, लग्नसराईत फेटा बांधतो),
आणि प्रेट्झेल मऊ असतात.
सातनंतर त्यांचा काथ्या होतो.

टोळी नेऊ नकोस. दोघंच जा.
दोघांना जागा होते, आठांचा नुसता फोटो होतो.
घरून वरणभात जेवून निघ;
सॉसेज चारशेला एक आहे, फुकट फक्त मोहरीची चटणी.
कूपनं एकदम फाडू नकोस, उरलेली परत घेत नाहीत.

मग जागा हेरायची.
ही विद्या काही गोऱ्यांची नाही.
तुझ्या मुंजीत, दादरच्या त्या कार्यालयात,
दुसऱ्या पंगतीला तुझ्या आजोबांना कसं बसवलं मी?
ताकभातावर आलेल्या माणसाच्या खुर्चीमागे
उभी राहिले, छताच्या पंख्याकडे बघत.
इथेही तेच.
भरल्या पेल्याकडे ढुंकून बघू नकोस.
ज्याची बोटभर उरलीय,
ज्याचा पाय टेबलाखाली चप्पल चाचपतोय,
ज्याच्या बायकोच्या फोनवर गाडी चार मिनिटांवर आहे,
त्याच्या मागे उभा राहा. पंख्याकडे बघ.
पंखा नसेल तर झुंबरासारखं काही टांगलेलं असतं, त्याच्याकडे.

आणि मग विचार:
इस्ट हिअर नोख फ्राय?
इथे अजून मोकळं आहे का.
धडा चौथा. सव्वीस वर्षं पार्ल्याच्या क्लासात
हे वाक्य फळ्यावर लिहिलं मी.
'नोख'मधला ख खडूचा नाही, सांगायचे,
बोंबलाचा काटा अडकल्यावर येतो तो.
मी स्वतः तिकडे कधी गेले नाही.
व्हिसा आला त्या वर्षी आईचा खुबा मोडला.
खऱ्या माणसाला पहिल्यांदा विचारलं ते या मांडवातच,
पिसाची टोपी घातलेल्या एका लालबुंद गृहस्थाला.
तो म्हणाला, सॉरी मॅडम, मी घाटकोपरचा.
पण सरकला.

वेरोनिका तुस्कानो आठवते? निर्मळची, दोन वेण्यांची,
ख सगळ्यात छान तिचा.
कासलच्या वृद्धाश्रमात रात्रपाळी करते आता.
तिनं लिहिलं होतं,
बाई, कँटीनमध्ये मी ते वाक्य रोज म्हणते.
हो, मोकळं आहे, म्हणतात. हसतातसुद्धा.
मग हळूहळू ताटं उचलतात,
आणि सगळंच टेबल मोकळं होतं.
याचा धडा कितवा?

दोन महिने उत्तर दिलं नाही मी.
नंतर दिलं ते थंडीबद्दल, लोकरीच्या मोज्यांबद्दल.

तर जागा मिळाली की पसरू नकोस, निरंजन.
बॅग मांडीवर घे.
कुणी कडेला ताटकळत उभं असेल,
कोपर आवळून, मग सांभाळत,
तर त्याच्या तोंडून वाक्य पुरतं बाहेर यायच्या आत सरक.
आणि सरकल्यावर उठून जाऊ नकोस.
बस थोडा वेळ. काही बोल, नाहीतर मोहरी पुढे कर.

मी पीत नाही, ठाऊक आहे तुला.
एका लिंबूसोड्यावर तीन तास काढते,
वेटर उसासे टाकतो, मी बाकावर
शेजारी वीतभर जागा सोडून बसते.
कुणासाठी, ते विचारू नकोस.

आणि हो,
पहिला पेला संपला की लगेच संडासच्या रांगेत लाग.
लागली नसली तरी.
तिथे अठरा हजारवाल्यांनाही
रांग चुकत नाही.