शेऱ्याचा रकाना

पहाटे पाचला मी व्हॉल्व्ह फिरवतो
आणि वाडी उठते.
आधी घागरी, मग बायका, मग कोंबड्या,
तेवीस वर्षं हाच क्रम.
टाकी पंचवीस हजार लिटरची,
पाणी भोगावतीचं.
आषाढात ते चहासारखं येतं.

खोलीत निळं पीप, त्यात पावडर.
झाकण गेल्या वर्षी वाऱ्यानं नेलं, वर पाट ठेवलाय.
पावडरीचे खडे झालेत, वास उडालाय.
वास उडाला की नुसता चुना उरतो,
हे मला माहीत आहे.
ग्रामसेवकांना दोनदा सांगितलं.
तिसऱ्यांदा सांगितलं नाही.

रजिस्टर असतं. तारीख, वेळ, शेरा.
नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे दोन थेंब टाकायचे,
रंग आला तर लिहायचं : पिवळा.
औषधाची बाटली उन्हाळ्यातच संपली.
मी लिहीत राहिलो,
पिवळा, पिवळा, पिवळा,
एका बैठकीत अख्खा आठवडा.
माझं अक्षर चांगलं आहे.
तपासणीला आलेले साहेबही तसं म्हणाले.

कुंभाराच्या बोळातला व्हॉल्व्ह गटारीत बसलाय.
त्याला सायकलची ट्यूब गुंडाळलीय मी.
पाणी सुरू असतं तेव्हा पाइप थुंकतो,
बंद केलं की आत ओढतो,
तोंड उघडं टाकून झोपलेल्या माणसासारखा.
काय काय ओढतो ते दिसत नाही.

बेंदराच्या आदल्या दिवशी
रेश्माच्या ईश्वरीला जुलाब लागले.
चौदा महिन्यांची पोर.
सासू म्हणाली, दात येत्यात.
चुलत सासू म्हणाली, पाणी पाजू नगंस,
पाजशील तेवढं जातंय.
सोप्यात मातीचे बैल वाळत होते,
एकाचं शिंग मोडलेलं.

मी पाणीपट्टी मागायला गेलो होतो.
पोर रडत होती, डोळ्यांत पाणी नव्हतं.
आशाताई, आमची आक्काताई,
छत्री न मिटताच आत शिरली.
पोटाची कातडी चिमटीत धरली, सोडली.
कातडी तशीच उभी राहिली.
टाळूवर बोट फिरवलं. खड्डा.
"गाडीला फोन केलाय, सीपीआरला न्यायचं.
येईस्तोवर हे पाजत ऱ्हा. थांबू नगंस."
एक पुडी, एक लिटर पाणी.

रेश्मानं कळशीत तांब्या बुडवला
आणि माझ्याकडं बघितलं.
"हे पाणी चालंल न्हवं, लहूभावजी?"

तेवीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
कधी येणार विचारतात,
कमी का आलं विचारतात,
आईवरून शिव्या देतात.
'चालंल' ओठावर आलंच होतं, सवयीनं.

म्हणालो, "उकळून घे."

तिनं तांब्या खाली ठेवला. हळूच,
जणू तो भरलेला होता आणि झोपलेला.
"कवापास्नं?"
मी चुलीत काटक्या सारल्या.

पाणी उकळलं, परातीत ओतून निववलं,
पंख्यानं नाही, माझ्या टोपीनं.
मग चमचा.
आक्काताई सांगत होती,
ओकली तर दहा मिनिटं थांबायचं,
मग पुन्हा, सावकाश.
रोज पंचवीस हजार लिटर सोडणारा मी
घड्याळ धरून बसलो
आणि चमचे मोजले.
गाडी आली तेव्हा सदतीस झाले होते.
त्यातले चार बाहेर आले.

ईश्वरी पाचव्या दिवशी घरी आली,
झिंकच्या गोळ्यांची पट्टी खुळखुळ्यासारखी हलवत.
बोळातला सातपुत्यांचा मल्हार आला नाही.
तो आठ महिन्यांचा.
त्याच्या घरी पुडी पोचली होती,
चमचाही होता,
विचारायला मी तिथं नव्हतो.

त्या रात्री रजिस्टर उघडलं.
तारीख. वेळ. शेऱ्यात लिहिलं,
रंग आला नाही.
मागची पानंही उलटली,
पिवळ्यावर पिवळ्यावर रेघ मारत,
एप्रिलपर्यंत.

सरपंच म्हणाले, एवढी खाडाखोड?
वही बदल, नवी आणून देतो.
मी म्हणालो, अक्षर खराब आलंय खरं,
पण असू दे.