तळ

एप्रिल. कूलरच्या टाक्यांचा सीझन.
कामठी रोडच्या माझ्या शेडमध्ये रेझिनचा वास कोंदलेला,
आणि प्रणोती उके आली कागदाची सुरळी घेऊन:
"काका, गाडीचा तळ पाहिजे. फायबरचा."
तळ म्हणजे सपाट पत्रा, मला एवढंच ठाऊक.
तिच्या कागदावर तो पुढून उतरत आलेला,
मधे जमिनीला टेकता टेकता राहिलेला,
मागे पुन्हा वर निघालेला.
"खालचं कोण पाहते, बाई?"
"हवा," ती म्हणाली.

माझ्याच उधारीच्या दोन पावत्या
तिनं चिमटीत धरल्या समोरासमोर, मधे बोटभर फट.
"मारा फुंकर."
वाटलं, फाकतील.
त्या एकमेकींना जाऊन चिकटल्या.
कामावरचा रज्जाक हसून राहिला होता.
मी चौथ्यांदा फुंकून पाहत होतो.

"अरुंद वाटेत हवा धावत सुटते, काका,
धावता धावता दाबायचं विसरते.
वरची मात्र बसूनच असते आपलं वजन टाकून.
गाडी जेवढी पळेल, तेवढी जड."

मी आजवर बंद पडलेल्या गाडीलाच जड म्हणत आलो,
ढकलावी लागते म्हणून.

मिहानच्या मागचा रिकामा रस्ता. पहाटेचे पाच.
नऊनंतर अर्थ नाही, ती म्हणाली,
उन्हात हवा पातळ होते,
पाहुणे वाढले की वरण होते तशी.
चारही चाकं उघडी, अंगापासून दूर,
आणि मधल्या फटीत हेल्मेटएवढी प्रणोती.

ऐंशीला गाडी खाली बसली, दिसलं मला.
शंभरला मान टाकायला लागली,
डुलकी लागलेल्या वॉचमनसारखी:
तळ रस्त्याच्या फार जवळ गेला की वाट मिटते,
हवा अडते, धरलेलं सुटतं, गाडी उठते;
उठली की पुन्हा वाट, पुन्हा ओढ, पुन्हा खर्र...
तो खर्र माझ्या जेलकोटचा.

"आठ मिलिमीटर वर घ्या."
वॉशर टाकले. आठ म्हणजे
माझ्या करंगळीच्या नखाची रुंदी.
तेवढं अंतर ठेवल्यावर
वळणावर तिनं रस्ता सोडला नाही.

नीळ डिझेलमध्ये कालवून तळाला फासली होती.
गाडी जॅकवर चढवली, मी खाली सरकलो पाठीवर.
रेषाच रेषा. पुढे पसरलेल्या,
मधे वेणीसारख्या दाटलेल्या, मागे मोकळ्या.
फक्त डावीकडे एका जागी निळं गोल फिरलेलं,
कुणीतरी रस्ता विचारत थांबावं तसं.
बोट लावलं. रेझिनचा थेंब, ज्वारीएवढा,
घाईच्या दिवशी माझ्याच हातून राहिलेला.

वरून ती विचारत होती, काही दिसलं का.
"एकशेवीसचा पेपर दे," मी रज्जाकला म्हणालो.

ऊन चढलं होतं. दीड हजार अजून येणं होतं.
मी घासत राहिलो.