उलटा हात

दुकान बुधवारात, पहिल्या मजल्यावर.
जिना इतका अरुंद
की उतरणाऱ्या तबल्याला आधी वाट द्यावी लागली.

ओवेस नावाचा पोरगा. माझ्या प्राजूहून लहान.
म्हणाला, काका, शिकणार कोण?
म्हटलं, मीच.
तो हसला नाही. म्हणून थांबलो;
आधीच्या दोन दुकानांतून परत फिरलो होतो.

दोन गिटारी त्यानं समोर ठेवल्या.
एक पोकळ, पोटात काळोख असलेली.
दुसरी भरीव, चपटी, विटकरी लाल,
बुडाशी वायर खुपसायचं भोक.

बोटांना इलेक्ट्रिक सोपी, काका. तारा मऊ.
अकूस्टिक पहिले दोन महिने रडवते.
पण इलेक्ट्रिकला अँप आला, केबल आली, त्याचे पैसे वेगळे.
मग विचारलं, नोकरी कुठं होती?
लाइनमन. एकतीस वर्षं. पद्मावती, धनकवडी, बिबवेवाडी.
मग तर इलेक्ट्रिकच! त्याचं तोंड असं उजळलं
जणू पत्रिकाच जुळली.

मी तारेला हात लावला. उलटा हात.
सवय आहे. लाइन बंद आहे असं कुणी शपथेवर सांगितलं
तरी पहिला स्पर्श हाताच्या पाठीनं.
करंट असला तर मूठ आवळते,
तळव्यानं धरलेली तार मग सुटत नाही.
बबन ढमाले हे विसरला होता. एकदाच.

ओवेसला यातलं काय सांगणार.
म्हटलं, हिला वायर न लावता वाजव.
वाजवली. कानाजवळून डास जावा एवढाच आवाज.
मी लाकडाला कान लावला. आत होतं काहीतरी,
बंद डीपीच्या पेटीत असतं तसं.
आवडलं मला. खोटं कशाला बोलू.

पण मुकुंदनगरात एक घर आहे.
पंचवीस वर्षं झाली असतील.
अख्ख्या गल्लीची लाइट गेलेली, मे महिना,
लोक गॅलऱ्यांतून आमच्या नावानं खडे फोडत होते
आणि तळमजल्यावरच्या अंधारात कुणीतरी गिटार वाजवत होतं.
चुकत होतं. पुन्हा त्याच जागी येऊन चुकत होतं.
लाइट गेल्याची त्याला खबरच नसावी.
मी शिडीवर. हातात फ्यूज.
बसवायला उशीर केला.
चार मिनिटं, फार तर पाच.
नोकरीतली माझी तेवढीच अफरातफर,
रजिस्टरला नोंद नाही.

पोकळ घेतली.
पाच हजार आठशे, पिशवी फुकट,
पट्ट्यावर त्यानं शंभर सोडले.

कात्रजच्या बसमध्ये ती मांडीवर उभी धरली.
कंडक्टर म्हणाला, मुलाची का?
मान हलवली. कशाला ताणायचं.
स्वारगेटला ब्रेक लागला आणि पिशवीच्या आत
सगळ्या तारा एकदम हुं म्हणाल्या.
पुढच्या बाईंनी वळून पाहिलं.
मी खिडकीबाहेर, खांबांकडे.

आज अकरावा दिवस.
प्राजू रोज बोटं बघते, डॉक्टरीणबाईसारखी.
तर्जनी सोललीय. अनामिकेवर फोड.
मधलं बोट एका जुन्या झटक्यापासून बधिर:
चहाचा कप तापलाय हे त्याला कळत नाही.
ते तार दाबतंय की नुसतं टेकलंय हे मला कळत नाही,
सूर फुसका निघाला की मग समजतं.
तिथं दुखतं का, बाबा?
अजून नाही, मी म्हणतो.

ती झोपायला गेली की दिवा बंद करतो
आणि पुन्हा त्याच जागी येऊन चुकतो.