आयडीई की एएचसीआय

तपकीर गल्लीतून आणलेला बोर्ड
पलंगावर, जुन्या पेपरवर उघडाच.
डिलीट दाबत बसलो, एकदाचा पडदा उजळला
आणि विचारतो: आयडीई, एएचसीआय की रेड?

दुकानातला इरफान म्हणाला होता,
काका, एएचसीआय. डोळे झाकून.

पण दुसऱ्या केबलला सुमेधाची डिस्क आहे.
धनकवडीतल्या निम्म्या लग्नांच्या पत्रिका तिच्यात,
आणि एक न छापलेली,
आमच्या शलाकाची, तारखेची जागा मोकळी.
नव्या पद्धतीत ती उठत नाही.
अर्ध्यावर येते, निळी पडते,
पुन्हा पहिल्यापासून.
तीनदा करून पाहिलं.
चौथ्यांदा तिला त्रास द्यायला
बोट धजेना.

आयडीई. एफ टेन. होय.
पंखा घरघरला.
हळू चालेल, इरफान म्हणाला होता.

चालेल.